षट्कर्णी

बाबांना हल्ली कमी ऐकू येतं. त्यांना ते मान्य नाही, म्हणून एका रात्री सगळे झोपल्यावर मी घरच्या कॉम्प्युटरवर श्रवणयंत्रांच्या किमती पाहिल्या. सकाळी बाबा त्याच कॉम्प्युटरवर बातम्या वाचायला बसले. क्रिकेटच्या बातमीशेजारी जाहिरात: कानामागे लावायचं, त्वचेच्या रंगाचं यंत्र. खाली सरकले, तिथेही तेच. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "माझ्या कानांचं तू कुणाला बोललीस का गं?"

मी अवाक्षर काढलं नव्हतं. बातमी फोडली होती कुकीने.

कुकी म्हणजे वेबसाइटने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटीशी नोंद. १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीत लू माँटुली यांनी ती तयार केली, कारण वेबसाइटला मागचं काही आठवायचं नाही. टोपलीत टाकलेली वस्तू पुढच्या पानावर लक्षात राहायला हवी होती. मेलचं लॉगिन टिकतं तेही कुकीमुळेच. ही दोघांतली गोष्ट, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे तिसऱ्याबद्दल. दुकानाच्या पानात जाहिरात कंपनीचा तुकडा बसवलेला असतो, कधी ठिपक्याएवढं, न दिसणारं चित्र. ते त्या कंपनीच्या सर्व्हरवरून येतं आणि येताना तिची कुकी ठेवून जातं. कुकीत एक क्रमांक. बातम्यांच्या पानावरही तिचाच तुकडा असला की तोच क्रमांक तिच्या हाती पडतो: रात्री यंत्रं पाहणारा हाच. नाव कळलं नाही तरी तिचं काही अडत नाही. गुपित षट्कर्णी होणं ते हेच. दोघांचे चार कान, तिसऱ्याचे दोन.

सफारीने या परक्या कुकीज २०२० मध्ये बंद केल्या. क्रोमने त्या काढण्याचा बेत जाहीर केला आणि पुढे सोडून दिला, त्यामुळे तिथे आपणच हात चालवायचा: सेटिंग्ज, 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'थर्ड-पार्टी कुकीज', ब्लॉक. एखादी साइट अडलीच तर तेवढीला परवानगी द्यावी. साठलेल्या कुकीजही पुसाव्यात, पण पासवर्ड हाताशी ठेवून. सगळीकडे पुन्हा लॉगिन करावं लागतं. त्या रात्री मी इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची खासगी खिडकी, वापरली असती तर खिडकी मिटताच कुकीज गेल्या असत्या. वेबसाइटला आणि इंटरनेट पुरवणाऱ्याला मात्र त्यातूनही आपण दिसतोच.

बाबांना मी खरं काय ते सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग माऊस त्यांनी स्वतःकडे ओढला आणि सेटिंग स्वतः बदललं. प्रत्येक पायरी मी वाचून दाखवली, मोठ्याने, दोनदा. यंत्राचं अजून ठरलेलं नाही.