मृत्युपत्रावरील सही: इलेक्ट्रॉनिक सोय आणि कायद्याची अट

मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून आयकर विवरणपत्राची पडताळणी होते, त्याअर्थी मृत्युपत्रावरही ई-स्वाक्षरी चालेल, हा समज सुशिक्षित घरांतही आढळतो, पण तो चुकीचा आहे. इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीला मान्यता देणाऱ्या माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे ज्या दस्तांना हा कायदा लागू होत नाही त्यांच्या यादीत, मृत्युपत्राचा स्पष्ट उल्लेख असून, 2022 मध्ये स्थावर मालमत्तेच्या विक्रीचे करार त्या यादीतून काढले गेले, तरी मृत्युपत्र तिथेच राहिले. मजकूर संगणकावर तयार करण्यास अर्थातच आडकाठी नाही. सही किंवा अंगठा मात्र छापील कागदावरच हवा.

साक्षांकनाविषयीचे, म्हणजे साक्षीदारांनी सही करून दस्ताला दुजोरा देण्याविषयीचे, गैरसमज अधिक घातक आहेत, कारण त्यांचा फटका मृत्युपत्र करणारी व्यक्ती हयात नसताना बसतो. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 63 नुसार (मुस्लिमांना हे कलम लागू नाही आणि गोव्यात वारशाचा स्वतंत्र कायदा आहे) किमान दोन साक्षीदार लागतात. त्यांतील प्रत्येकाने मृत्युपत्रकर्त्याला सही करताना पाहिलेले असावे किंवा ‘ही सही माझीच’ अशी कबुली खुद्द त्याच्याकडून घेतलेली असावी, आणि नंतर त्याच्या समक्ष स्वतः सही करावी. दोघे साक्षीदार एकाच वेळी हजर हवेत किंवा त्यांना मजकूर ठाऊक हवा, अशी अट मात्र नाही. व्हिडिओ कॉलवर सही पाहून दुसऱ्या शहरात किंवा परदेशात आपल्या प्रतीवर सही करणाऱ्या साक्षीदाराला या कलमात स्पष्ट आधार सापडत नाही, म्हणून तो मार्ग टाळणेच श्रेयस्कर.

सही करतानाचे चित्रीकरण मनःस्थितीचा पूरक पुरावा ठरू शकते, पण त्याने साक्षांकनाची उणीव भरून निघत नाही. नोंदणीचेही तसेच आहे: ती ऐच्छिक असून, दुय्यम निबंधकाचा शिक्का असला तरी, भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 67 प्रमाणे साक्षांकन करणाऱ्यांपैकी किमान एक जण हयात आणि साक्ष देण्यास सक्षम असल्यास त्याला न्यायालयात बोलवावेच लागते. त्यामुळे साक्षीदार मृत्युपत्रकर्त्यापेक्षा वयाने लहान आणि सहज सापडणारे निवडणे हिताचे असते.

संगणकातील फाइल पुसली की मृत्युपत्र रद्द होते, हेही खरे नाही. ते करणाऱ्याने रद्द करण्याच्या हेतूने मूळ कागद फाडावा, जाळावा किंवा अन्य रीतीने नष्ट करावा, अथवा तितक्याच विधिपूर्वक सही-साक्षांकन करून नवे मृत्युपत्र किंवा रद्द करण्याचा लेख करावा, असे उत्तराधिकार अधिनियमाचे कलम 70 सांगते.