मोबाइल ॲपवरचा हातोडा

दोस्तांनो, बल्लारपूरचं लाकूड आगार कधी पाहिलंय का? सागवानाचे ओंडके ओळीनं रचून ठेवलेले असतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं हे सागवान देशभर नावाजलेलं. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दरवाजांसाठी लाकूड गेलं, ते याच बल्लारपूरहून. अशा ओंडक्याकडे नीट पाहिलंत, तर त्यावर ठोकून उमटवलेली एक खूण दिसेल. ही खूण शिक्क्याच्या हातोड्याची. हातोड्याच्या डोक्यावर उलटी अक्षरं कोरलेली असतात. लाकडावर घाव बसला, की ती सुलटी उमटतात. अगदी रबरी शिक्क्यासारखी!

आता तुम्ही म्हणाल, ‘लेख मोबाइल ॲपचा, मग हे लाकडाचं काय मधेच?’ सांगतो. तुम्ही स्वतः एखादं ॲप बनवलंत आणि ते फोनवर चालवून बघायचं ठरवलंत, तर त्यावरही असाच एक हातोडा मारावा लागतो. तो मारला नाही, तर फोन त्या ॲपला दारातूनच परत पाठवतो. या हातोड्याचं नाव ‘कोड सायनिंग’. कोड म्हणजे संगणकासाठी लिहिलेल्या सूचना आणि सायनिंग म्हणजे सही करणं.

जंगलात हातोडा कशासाठी?

झाड तोडायचं ठरलं, की आधी त्यावर हातोड्याची खूण होते. एक छातीच्या उंचीवर आणि एक खाली, बुंध्याशी. दोन कशाला? कारण झाड तोडून नेल्यावरही बुडखा जागेवरच राहतो. मागाहून कुणी तपासायला आलं, तर बुडख्यावरची खूण सांगते, की हे झाड परवानगीनं तोडलंय. खूण नसेल, तर चोरी झाली, हे लगेच कळतं.

पुढे लाकूड गाडीत चढतं. तेव्हा गाडीबरोबर वाहतूक परवाना लागतो. बोलताना सगळे त्याला ‘टीपी’ नाहीतर ‘पास’ म्हणतात. माल कोणता, किती, कुठून निघाला, कुठे चालला आणि परवाना कधीपर्यंत चालेल, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. नाक्यावर पास आणि माल जुळवून पाहतात. खोटी खूण उमटवणं किंवा खरी खूण खोडणं हा गुन्हा आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात त्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे.

म्हणजे ही खूण दोन प्रश्नांची उत्तरं देते. माल कुणाचा? आणि वाटेत तो बदलला तर नाही ना? हे दोन प्रश्न लक्षात ठेवा. ॲपवरची सहीसुद्धा नेमकी याच दोन प्रश्नांची उत्तरं देते.

ठसा कसा घेतात?

लाकडावर घाव घालता येतो. पण ॲप म्हणजे तर नुसते आकडे! त्यावर सही करायची कशी?

चला, एक छोटं गणित करू. तीन गाड्यांत १२०, ८५ आणि २४० बांबू आहेत. एकूण ४४५. आता कुणी लबाडानं पहिल्या गाडीचा आकडा ११० केला आणि दुसरीचा ९५. बेरीज केलीत तर पुन्हा ४४५च! चोरी पचली. मग आपण युक्ती करू. पहिल्या आकड्याला १ नं गुणू, दुसऱ्याला २ नं, तिसऱ्याला ३ नं, आणि मग बेरीज घेऊ. १२० + १७० + ७२० = १०१०. लबाडाच्या आकड्यांची बेरीज येते ११० + १९० + ७२० = १०२०. पकडला की नाही?

संगणक असंच, पण याहून कितीतरी अवघड गणित करून ॲपचा ‘ठसा’ काढतो. ‘शा-२५६’ नावाची पद्धत त्यासाठी खूप वापरतात. ॲप केवढंही मोठं असो, ठसा ठरावीक लांबीचाच येतो. एरवी तो ६४ चिन्हांत लिहितात. आणि ॲपमधला एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी सगळा ठसाच वेगळा येतो.

आता या ठशावर सही. त्यासाठी लागते किल्ल्यांची जोडी. एक खासगी, ती फक्त तुमच्याजवळ. दुसरी जाहीर, ती कुणालाही द्या. खासगी किल्लीनं केलेली सही जाहीर किल्लीनं तपासता येते, पण जाहीर किल्लीवरून खासगी किल्ली शोधून काढणं भल्याभल्या संगणकांनाही जमत नाही. ही कल्पना १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन या अमेरिकेतल्या दोघांनी मांडली. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी ती प्रत्यक्षात आणायचं गणित शोधलं. आपल्याकडे २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानं अशा सहीला मान्यता दिली. आणि ही जाहीर किल्ली कुणाची, हे सांगणारा जो दाखला असतो, त्याला म्हणतात सर्टिफिकेट. तुमच्या शाळेच्या दाखल्यासारखंच समजा!

आता आपलं ॲप फोनवर

समजा, तुम्ही आलापल्लीच्या शाळेत आहात आणि मैत्रिणीबरोबर ‘पक्ष्यांची वही’ नावाचं ॲप बनवलंत. नवरंग दिसला, हळद्या दिसला, की बटण दाबायचं. जागा आणि वेळ आपोआप नोंदली जाते. संगणकाच्या पडद्यावर इम्युलेटर नावाचा नकली फोन असतो. त्यावर ॲप झकास चालतं. मग खऱ्या फोनवर कशाला तपासायचं?

कारण नकली फोन जंगलात जात नाही! चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात पडदा दिसतो का? दाट झाडीत जागा बरोबर कळते का? रेंज गेल्यावर नोंद टिकते की पुसली जाते? बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरते का? हे खऱ्या फोनशिवाय कळायचं नाही. आणि खऱ्या फोनवर जायचं, म्हणजे सही हवीच.

अँड्रॉइड फोन असेल, तर काम सोपं. ‘अँड्रॉइड स्टुडिओ’ हे साधन फुकट मिळतं. पहिल्यांदा ॲप चालवलंत, की ते स्वतःच एक सरावाची किल्ली बनवून ठेवतं. किल्ल्या ठेवायच्या या डब्याला ‘कीस्टोअर’ म्हणतात. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘बिल्ड नंबर’ शोधून त्यावर सात वेळा बोट टेकवा. ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ नावाचं नवं पान उघडेल. त्यात ‘यूएसबी डीबगिंग’ चालू करा आणि फोन केबलनं संगणकाला जोडा. फोन विचारेल, ‘या संगणकावर विश्वास ठेवू का?’ हो म्हणा. संगणकावर ‘रन’ दाबा. झालं! ॲप तुमच्या फोनवर हजर. आणि एक सांगायचं राहिलं. ॲप तपासून झालं, की यूएसबी डीबगिंग आठवणीनं बंद करा.

पण ही किल्ली सरावापुरतीच, बरं का. तिचा पासवर्ड जगात सगळीकडे एकच असतो. ॲप लोकांना द्यायचं ठरलं, की स्वतःची वेगळी किल्ली बनवावी लागते.

आयफोनचं मात्र निराळं. तिथे मॅक संगणक आणि ‘एक्सकोड’ हे साधन लागतं. दाखला ॲपल कंपनी देते. शिवाय ‘प्रोव्हिजनिंग प्रोफाइल’ नावाची एक फाइल लागते. तिच्यात काय काय असतं? ॲप कोणतं, सही कुणाची, कोणकोणत्या फोनवर चालेल आणि कधीपर्यंत! ओळखलंत ना? हा तर आपला वाहतूक परवानाच! प्रत्येक आयफोनला स्वतःचा एक लांबलचक क्रमांक असतो. तो यादीत नसेल, तर सरावाचं ॲप त्या फोनवर चालत नाही. फुकटच्या खात्यावर हा पास सात दिवसच चालतो. आठव्या दिवशी ॲप उघडायला नकार देतं. वर्षाला ९९ डॉलर भरून सभासद झालात, तर मुदत वाढते आणि वर्षाला १०० आयफोन यादीत घालता येतात. सभासद व्हायला सज्ञान असावं लागतं. तेव्हा ते काम आईबाबांकडे द्या.

पासबुक कुणाच्या हातात?

पास कुणी द्यायचा, हा प्रश्न आपल्या गडचिरोलीला चांगला ठाऊक आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्याची घोषणा. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू गावाचा झाला. पण विकायला न्यायचा, तर वाहतूक परवाना हवा, आणि तो देण्याचा अधिकार होता वनखात्याकडे. माल आपला, पण त्यावर शिक्का मारता येत नाही! गावानं नेटानं मागणी लावून धरली. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, आणि पासबुक ग्रामसभेच्या हाती आलं. देवाजी तोफा हे या लढ्यातलं मोठं नाव.

आयफोनचा पास कंपनीच्या हातातला आणि अँड्रॉइडची किल्ली आपल्या हातातली, हा फरक आता कळला ना? पण पासबुक हातात आलं, की जबाबदारीही येते. ते कुलपात ठेवायचं. नोंद चोख ठेवायची. भलत्याच्या मालावर आपला पास फाडायचा नाही.

किल्लीचंही तसंच. अँड्रॉइडचा एक नियम ऐका. ॲपची नवी आवृत्ती आली, की फोन बघतो, सही जुन्याच किल्लीची आहे का? नसेल, तर नवी आवृत्ती बसवू देत नाही. मग जुनं ॲप काढून टाकावं लागतं. आणि नोंदींची दुसरी प्रत कुठे ठेवली नसेल, तर वर्षभर टिपलेले सगळे पक्षी भुर्रकन उडाले म्हणून समजा! म्हणून खरी किल्ली दोन सुरक्षित ठिकाणी ठेवा. मित्राला व्हॉट्सॲपवर तर मुळीच पाठवू नका. तुमची किल्ली दुसऱ्याच्या हाती लागली, की त्याचं ॲप तुमच्या नावानं फिरेल.

हा खेळ फक्त पक्ष्यांच्या वहीपुरता नाही. २०१८ च्या व्याघ्रगणनेत ‘एम-स्ट्राइप्स’ नावाचं मोबाइल ॲप वापरलं गेलं. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांचं ते काम. वनरक्षक जंगलात पायी फिरतात, वाघाच्या खुणा फोनमध्ये नोंदवतात. विचार करा, अशा ॲपची कुणी बदललेली नक्कल वनरक्षकाच्या फोनमध्ये घुसवली, तर वाघाच्या वाटा थेट शिकाऱ्याला कळतील! खरं ॲप फोनवर असेल, तर दुसऱ्या किल्लीची नक्कल त्याच्या जागी बसत नाही. सही अशी राखण करते.

सही आहे, पण कुणाची?

आता सगळ्यात महत्त्वाचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशच्या सायबर पोलिसांनी लोकांना सावध केलं. अनोळखी नंबरवरून व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका यायची. ती उघडायला गेलं, की पत्रिकेऐवजी एक ॲप फोनमध्ये शिरायचं. असं ॲप फोनमधली माहिती चोराच्या हाती देतं.

गंमत बघा, अशा चोराच्या ॲपवरही सही असते! सहीशिवाय अँड्रॉइड ते बसवूनच घेणार नाही. चोर स्वतःची किल्ली बनवतो आणि करतो सही. हातोड्याची खूण लाकूड चांगलं की पोखरलेलं, हे सांगत नाही; ते कुणाचं, एवढंच सांगते. तसंच सहीचं आहे. ॲप चांगलं की वाईट, हे तिला कळत नाही. ज्यानं सही केली तो माणूस कोण, हे आपणच पाहायचं.

तर आज घरी एक काम करा. आईबाबांच्या किंवा आजोबांच्या फोनमध्ये ‘अननोन ॲप्स’ बसवायची परवानगी कोणकोणत्या ॲपला दिलेली आहे, ते त्यांना विचारून सेटिंग्जमध्ये शोधा. व्हॉट्सॲपला दिलेली असेल, तर त्यांना दाखवून बंद करा. ज्या फाइलच्या नावाशेवटी ‘एपीके’ आहे, ती फाइल म्हणजे पत्रिका नव्हे, ॲप आहे, हेही त्यांना सांगा. आणि आईबाबा, पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. १९३० हा सरकारी मदत क्रमांक आहे. लगेच फोन करा.

नाक्यावरचा वनरक्षक गाडी थांबवून विचारतो, ‘पास दाखवा.’ आपल्या फोनच्या नाक्यावर मात्र आपणच उभे आहोत. विचारायला विसरू नका!