जत्रेतला तमाशा आणि आपण बाया

आम्ही कोयनानगर भागातल्या बचत गटांचं काम बघतो. शिमगा झाला की आपल्याकडं गावोगाव जत्रेच्या बैठका सुरू होतात. वर्गणी किती काढायची, पालखी कोणत्या वाटेनं न्यायची, मुंबईची मंडळी कधी येणार, सगळं ठरतं. आणि शेवटी विषय निघतो, यंदा तमाशा कुणाचा आणायचा? या प्रश्नावर आजवर आपण बायांनी तोंड उघडलेलं नाही. तो पुरुषांचा विषय, असंच आपण धरून चाललो. आज त्याच विषयावर बोलूया.

आमच्यात ही चर्चा सुरू झाली ती एका मोबाईलमुळं. गटाच्या मासिक बैठकीत एका ताईंच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं आम्हांला परदेशातल्या एका बँडचा व्हिडिओ दाखवला. गाणाऱ्यांची तोंडं चुन्यासारखी पांढरी रंगवलेली, डोळ्यांभोवती काळं. गाणं चाललेलं मरणाचं, भुकेचं, फसवणुकीचं, आणि समोरचे लोक खळखळून हसताहेत. मुलगी म्हणाली, "याला डार्क कॅबरे म्हणतात. म्हणजे काळा विनोद." आमच्यातल्या सत्तरीच्या आजी चष्मा वर करून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, ह्यो तर आपला वगच की! सोंगाड्या न्हाई का, मढ्याच्या गोष्टीतबी हसवतो."

सगळ्या हसल्या. पण नंतर माहिती घेतली तेव्हा कळलं, आजींचं बोलणं अगदी वावगं नव्हतं.

कॅबरे म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं हिंदी सिनेमातला नाच येतो. पण युरोपात त्याची सुरुवात वेगळी झाली. छोट्या खाणावळीत किंवा दारूच्या गुत्त्यात लोक टेबलाभोवती बसायचे आणि समोर गाणी, नकला, चुटके चालायचे. पॅरिसमध्ये १८८१ साली 'काळं मांजर' अशा अर्थाच्या नावाची एक जागा सुरू झाली, ती फार गाजली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत बर्लिन शहरात हा खेळ जोरात होता. पैशाला किंमत उरली नव्हती, युद्धातनं हातपाय गमावून आलेली माणसं रस्त्यावर होती. अशा वेळी हे कलाकार पुढाऱ्यांची, सावकारांची, युद्धाची टर उडवत. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि यातल्या अनेकांची तोंडं बंद झाली. कित्येक जण देश सोडून गेले.

त्याच काळात, १९२८ साली, बर्लिनमध्ये ब्रेश्ट यांचं एक नाटक आलं. चोर, भिकारी आणि पोलीस यांची ती गोष्ट, गाण्यांसकट. त्याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी मराठीत नाटक लिहिलं. ते १९७८ साली रंगमंचावर आलं. त्याचं नाव 'तीन पैशाचा तमाशा'. म्हणजे बर्लिनची ती गोष्ट मराठीत आली तेव्हा तिला नाव मिळालं ते तमाशाचं. आमच्या आजींनी मोबाईल बघून जे सांगितलं, ते त्या नाटकाच्या नावात आधीच होतं.

तमाशा कसा बांधलेला असतो?

आपल्यातल्या पुष्कळ जणींनी ढोलकी अंगणातूनच ऐकलेली. त्यामुळं आत काय चालतं ते आधी समजून घेऊ.

सुरुवातीला गण. म्हणजे गणपतीला वंदन. हलगी, ढोलकी, तुणतुणं, झांज वाजायला लागते. मग येते गौळण. गौळणी दूध-लोणी घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेल्या, कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या त्यांची वाट अडवतात. गौळणींबरोबर एक 'मावशी' असते. ही मावशी म्हणजे साडी नेसलेला पुरुष. ती कृष्णालाही सुनावते आणि प्रेक्षकांनाही. पुढं बतावणी, म्हणजे सवाल-जवाबातून केलेली थट्टा. मग रंगबाजी, त्यात लावण्या. आणि शेवटी वग, म्हणजे पूर्ण गोष्ट.

वगाचा खरा राजा सोंगाड्या. तो बहुतेक वेळा नोकर, गरीब किंवा वेडगळ असतो. पण राजाला, प्रधानाला, सावकाराला जे कुणी बोलू शकत नाही, ते तो हसत हसत बोलून जातो. 'गाढवाचं लग्न' आपल्याला माहीत आहे. दादू इंदुरीकर यांनी त्यातला सावळ्या कुंभार अजरामर केला. एक कुंभार आपल्या गाढवासाठी थेट राजकन्येची मागणी करतो, आणि हसता हसता दरबाराचा सगळा रुबाब उतरतो. कलाकार आदल्या दिवशी गावात फिरून काय चाललंय ते बघतात आणि रात्री त्याच गावावर विनोद करतात. दुःख, अन्याय, मरण यांवर रडण्याऐवजी हसायला लावायचं, ही कामगिरी आपल्याकडं तमाशानं पिढ्यान्‌पिढ्या केली.

आपल्या मातीतली माणसं

ही कला काही लांबून आलेली नाही. पठ्ठे बापूराव सांगली जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्षचे. जन्म १८६६ चा, मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ब्राह्मण घरातला हा मुलगा तमाशात गेला, दलित समाजातल्या पवळाबाईंबरोबर फडावर उभा राहिला आणि स्वतःच्या समाजाचा रोष त्यानं पत्करला. हिवरगावच्या या पवळाबाई तमाशात उभ्या राहिलेल्या पहिल्या स्त्री कलाकार मानल्या जातात. त्याआधी बाईचं काम मुलगेच करत, त्यांना नाच्या पोऱ्या म्हणत.

अण्णा भाऊ साठे वाटेगावचे, तेही सांगली जिल्ह्यातलेच. त्यांनी तमाशाला कामगार आणि शेतकऱ्यांच्या प्रश्नांशी जोडलं. 'शेटजींचे इलेक्शन' हे त्यांच्या एका लोकनाट्याचं नाव. त्यावरूनच त्यांचा रोख कळतो. आपल्या सातारा जिल्ह्यात वाईच्या यमुनाबाई वाईकर लावणी गात मोठ्या झाल्या. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि कराडजवळच्या करवडीचं नाव तमाशाच्या फलकावर नेलं ते मंगला बनसोडे करवडीकर यांनी. कोयनेहून कराडच्या बाजाराला जाणाऱ्या आपल्याला हे गाव काही परकं नाही.

मंगलाताईंच्या आई म्हणजे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. त्यांना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. त्यांची एक हकीकत सगळीकडं सांगितली जाते. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तशा मागं गेल्या, बाळंत झाल्या, नाळ दगडानं ठेचून तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभं राहायला निघाल्या. आपण ही गोष्ट 'केवढी कलेची निष्ठा' म्हणून ऐकतो. पण आमच्या गटातल्या एका बाळंतिणीनं विचारलं, "तिला थांबता का आलं नाही?" या प्रश्नाचं उत्तर आपण शोधायला हवं. पुरस्कार मिळूनही विठाबाईंची शेवटची वर्षं हलाखीत गेली. २००२ साली त्या वारल्या.

हसवणाऱ्या बाईचं पोट

तमाशाचा हंगाम साधारण दसऱ्याला सुरू होतो आणि वैशाखात संपतो. पाऊस उतरला की खेळ बंद. काही फड स्वतःचा तंबू लावून तिकिटावर खेळ करतात, तर जत्रेतला खेळ बहुतेक सुपारीवर ठरतो. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पुढारी तिथं जाऊन सुपारी ठरवतात आणि इसार देतात.

पावसाळ्याचे चार महिने कलाकारानं काय खायचं? तेव्हा फडमालकाकडून उचल घेतली जाते, आणि हंगामभर नाचून ती फेडायची. उचल हा शब्द आपल्याला ऊसतोडीमुळं माहीत आहे. कोयता हातात असो की पायात चाळ असोत, उचलीचा फास सारखाच. फडमालकही सुखात असतो असं नाही. त्यानं स्वतः कर्ज काढलेलं असतं. २०२० आणि २०२१ साली कोरोनामुळं जत्राच झाल्या नाहीत, तेव्हा ऐन हंगामात फड घरी बसले. शिवाय आता बरीच गावं तमाशाऐवजी ऑर्केस्ट्रा नाही तर डीजे आणतात.

त्या रात्री आम्ही काय पाहिलं

दोन वर्षांपूर्वी एका गावच्या जत्रेत आमच्या गटाला फडाच्या जेवणाचं काम मिळालं. पिठलं, भाकरी, ठेचा आणि भात. पातेली घेऊन आम्ही पहिल्यांदाच बोर्डाच्या मागं गेलो. दोन गाड्यांच्या मध्ये लुगडं बांधून आडोसा केला होता. त्यातच दहा-बाराजणी कपडे बदलत होत्या. पलीकडं बांधावर पोरं मोबाईल घेऊन उभी. जवळच्या शाळेला संडास होता, पण त्याला कुलूप. एक कलाकार बाळाला पाजत बसली होती. तिचा नंबर आला तशी ती आमच्यातल्या एकीला म्हणाली, "ताई, जरा लेकराला धरता का?" चेहऱ्यावर पावडर मारली आणि हसत बोर्डावर गेली. समोरून शिट्ट्या.

थोड्या वेळानं सोंगाड्या आला. म्हणाला, "या गावाचा हागणदारीमुक्तीचा बोर्ड लय झ्याक हाय. आमच्या बायकांनी मघाशी त्याच्याच आडोशाला बसून वाचला." मांडवात हशा उसळला. मानाची मंडळीसुद्धा हसली. आम्हांला मात्र हसू आलं नाही. कारण तो विनोद कुठून आला ते आम्ही डोळ्यांनी बघितलं होतं. ती तक्रार होती, आणि तक्रार करायला त्यांच्याकडं दुसरी जागाच नव्हती.

त्या दिवशी आम्हांला काळा विनोद म्हणजे काय ते समजलं. बर्लिनमध्ये काय, आपल्या जत्रेत काय, ज्याला सरळ बोलायची सोय नाही तो हसवून बोलतो. ऐकणाऱ्यानं हसावं, पण हसून झाल्यावर तक्रार विसरू नये.

आपण काय करू शकतो

पुढच्या वर्षी आम्ही सातजणी त्याच जत्रा कमिटीपुढं गेलो. "बायांनी तमाशाच्या भानगडीत पडू नये," असं पहिलं उत्तर मिळालं. आम्ही म्हटलं, "वर्गणी आमच्याही घरची आहे." दोन बैठका झाल्या. शेवटी शाळेची एक खोली, आतून कडी आणि लाईटसह मिळाली. संडासाची किल्ली आमच्या गटाकडं आली. पाण्याचा टँकर उभा राहिला. सुपारीची उरलेली रक्कम खेळ संपताच द्यावी, हे मात्र कमिटीनं अजून लिहून दिलेलं नाही. यंदा पुन्हा तो विषय काढणार आहोत.

तुमच्या गावात तमाशा येणार असेल, तर गटाच्या बैठकीत एवढं ठरवा.

एक, कपडे बदलायला बंद खोली, उजेड, पाणी आणि उघडा संडास. मासिक पाळीचे पॅड गटानंच ठेवावेत.

दोन, लहान लेकरांना झोपायला जागा आणि जवळ एखादी जाणती बाई.

तीन, मागच्या बाजूला गावातली विश्वासाची चार माणसं. तिथं मोबाईलवर चित्रीकरण बंद. कुणी छेड काढली तर ११२ किंवा महिलांसाठीच्या १८१ नंबरवर फोन करा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा असंघटित बायांनाही लागू आहे. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते.

चार, ठरलेले पैसे ठरल्या वेळी.

पाच, माहिती द्या. १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगारांना ई-श्रम कार्ड काढता येतं, त्याला पैसे लागत नाहीत. वयस्कर कलावंतांसाठी राज्य सरकारची मानधन योजना आहे. तिची चौकशी पंचायत समितीत करायला सांगा. जेवण वाढता वाढता एवढं बोलणं सहज होतं.

आणि शेवटचं म्हणजे, खेळ बघायला जा. आम्ही गेल्या वर्षी मांडवात सतरंजी टाकून तीसजणी पुढं बसलो. आजी मध्यभागी. बाया समोर दिसल्यावर शिट्ट्या कमी झाल्या, गौळण निवांत रंगली. मावशीनं आमच्याकडं बघून बचत गटाच्या हप्त्यावर असा टोला मारला की आम्ही पोट धरून हसलो. खेळ संपल्यावर आदल्या वर्षीची ती बाळाची आई भेटायला आली. लेकरू आता चालायला लागलंय. ती म्हणाली, "आज समोर आमच्यासारखीच माणसं होती."

मैत्रिणींनो, जत्रा आपली आहे, तर जत्रेत आलेली बाईही आपली पाहुणी आहे. यंदाच्या बैठकीला तुमच्या गटातल्या निदान दोघीजणी जा, आणि पहिला प्रश्न खोलीचा विचारा.