शीर्षकात ‘कोल्हापुरी’ चार वेळा लिहून काय होतं?

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीच्या धाटणीची चप्पल दाखवली आणि नेटवर एकच गदारोळ झाला. असं काही घडलं की लोक गूगलवर ‘कोल्हापुरी चप्पल’ टाकून बघतात. तिथे एखाद्या दुकानाचं पान आलंच, तर गिऱ्हाइकाला आधी दिसतं ते शीर्षक आणि त्याखालचं दोन ओळींचं वर्णन. गैरसमजांचा सुकाळ आहे तो याच दोन गोष्टींबद्दल.

सगळ्यांत चिवट गैरसमज म्हणजे, शीर्षकात जितके शब्द कोंबाल तितकं पान वर चढतं. ‘कोल्हापुरी चप्पल, ओरिजिनल कोल्हापुरी चप्पल, कोल्हापुरी चप्पल ऑनलाइन, स्वस्त कोल्हापुरी चप्पल’ असली माळ त्यातूनच ओवली जाते. वाचणाऱ्याला तर ती खटकतेच, पण गूगलही असं शीर्षक बाजूला सारून पानावरच्या ठळक मथळ्यातून स्वतःचं शीर्षक बनवू शकतं. ऑगस्ट 2021 मध्ये त्यांनी शीर्षक ठरवण्याची पद्धत बदलली. तेव्हा बरीच ओरड झाल्यावर सप्टेंबरमध्ये त्यांनी सांगितलं, की सुमारे 87 टक्के वेळा साइटने दिलेलंच शीर्षक वापरलं जातं. म्हणजे नीट लिहिलेलं शीर्षक सहसा टिकतं. ‘पुरुषांची कापशी कोल्हापुरी चप्पल, हाताने शिवलेली’ आणि पुढे दुकानाचं नाव, एवढं पुरे. लेडीज चपलेच्या पानाला अर्थातच वेगळं शीर्षक हवं. सगळ्या पानांवर ‘होम’ किंवा नुसतं दुकानाचं नाव ठेवणं हा निव्वळ आळस.

कीवर्डचा वेगळा टॅग भरून देतो म्हणून कोणी पैसे मागत असेल, तर देऊ नका. क्रमवारीसाठी तो टॅग आपण बघतच नाही, हे गूगलने सप्टेंबर 2009 मध्येच जाहीर केलंय.

वर्णनाचंही तेच. त्याने क्रमांक वर जात नाही, पण क्लिक करायचं की नाही हे गिऱ्हाईक त्यावरून ठरवतं. ‘उत्कृष्ट दर्जा, वाजवी दर’ हे तर प्रत्येक दुकानदार म्हणतो. त्यापेक्षा कातडं कुठलं, ते बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलंय का, कोणते नंबर मिळतात, माप चुकलं तर बदलून मिळेल का, हे लिहा. चप्पल कुठे बनली तेही सांगा. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला मिळालेलं जीआय (भौगोलिक) मानांकन एकट्या कोल्हापूरचं नाही. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. माल कर्नाटकातल्या अथणीचा असेल तर तसं लिहिण्यात कमीपणा कसला? एवढं करूनही गूगल तुमचं वर्णन दाखवेलच असं नाही. कोणी काय शोधलं त्यानुसार ते पानावरचंच एखादं वाक्य उचलतं. म्हणून हीच माहिती पानाच्या मजकुरातही हवी.

शीर्षक साठ अक्षरांचं आणि वर्णन एकशे साठचं, हा नियम बहुतेकांना तोंडपाठ असतो. गूगलने मात्र अशी मर्यादा कधी घातलेली नाही. पडद्यावर जेवढं मावतं तेवढं दिसतं, बाकीचं कापलं जातं. त्यात मराठीची गंमत अशी, की ‘कोल्हापुरी’ हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा दिसतो, पण अक्षरं मोजणारी बरीच साधनं काना, मात्रा, वेलांटी आणि पाय मोडल्याचं चिन्हही वेगळं धरून दहा मोजतात. त्या आकड्याच्या नादाने मराठी शीर्षक उगाच छाटू नका. मुद्द्याचा शब्द पुढे घ्या आणि मोबाइलवर स्वतः बघा.

‘पान मराठीत असलं तरी शीर्षक इंग्रजीतच हवं’ हा सल्लाही सर्रास मिळतो. गूगलचं म्हणणं नेमकं उलट आहे: पानाची जी भाषा आणि लिपी, तीच शीर्षकाची असावी. ती जुळत नसेल तर पानाशी जुळणारं शीर्षक शोधून लावण्याची सोय त्यांनी जून 2022 मध्ये केली. परगावच्या गिऱ्हाइकासाठी इंग्रजी हवंच असेल, तर इंग्रजी मजकुराचं वेगळं पान करा.

आणि आज बदललेलं शीर्षक उद्या दिसलं नाही म्हणून परत बदलू नका. गूगल ते पान पुन्हा वाचेपर्यंत काही दिवस, कधी काही आठवडेही जातात.