आभाळातली तार

सायखेड्याला गोदावरीच्या काठी माझे घर. सारी नोकरी पोस्टात झाली आणि तिची पहिली वीस वर्षे तारेच्या यंत्रापुढे गेली. कट्ट-कडकट्ट ऐकावे आणि कागदावर अक्षरे उतरवावीत! कोणाला मुलगा झाला, कोणाचे वडील गेले, हे गावात सर्वांत आधी मला कळे. २०१३ च्या जुलैत सरकारने तार कायमची बंद केली. त्या दिवशी मी जेवलो नाही, असे आमची ही सांगते. तेवढे खोटे आहे. पण जेवणात लक्ष नव्हते, हे खरे.

अशा माणसाच्या घरी २०१६ च्या पावसाळ्यात पुण्याहून भाचा आला. पिशवीत पोलादी मापपट्टीचे कापलेले तुकडे, प्लॅस्टिकची नळी आणि लॅपटॉपला खुपसायचे बोटभर यंत्र.

"मामा, आज रात्री गच्चीवर उपग्रह ऐकू या."

"पाऊस येईल रे. आणि ऐकून पोटाला काय मिळणार?"

त्याने उत्तर दिले नाही. नळीवर पट्ट्या बांधून एरियल करीत बसला आणि एकीकडे सांगू लागला.

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी २००८ मध्ये एक उपग्रह करायला घेतला. नाव ठेवले 'स्वयम्'. मुले पदवी घेऊन बाहेर पडत, नवी येत आणि काम पुढे चाले. अखेर २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी ३४ या यानाने वीस उपग्रह एकदम वर नेले, त्यांत हा एक. दहा सेंटीमीटरचा चौकोनी ठोकळा, वजन जेमतेम एक किलो. म्हणजे आमच्या बाजारातले सात-आठ कांदे! दिशा धरायला मोटार नाही की इंधन नाही. आत लोहचुंबक बसविलेले. होकायंत्राच्या सुईप्रमाणे तो पृथ्वीच्या चुंबकत्वाशी जुळवून घेतो.

"पण त्याचे काम काय?" मी विचारले.

"पोस्टमनचे!" तो म्हणाला. "हौशी रेडिओवाले असतात ना, हॅम म्हणतात त्यांना, त्यांच्यासाठी. एका गावावरून जाताना निरोप घ्यायचा, पोटात ठेवायचा आणि दुसऱ्या गावावर आला की टाकायचा."

आता मात्र मी खुर्ची पुढे ओढली.

पहिल्या रात्री नुसती खरखर. दुसऱ्या रात्री पाऊस. तिसऱ्या रात्री साडेनऊच्या सुमारास भाच्याने एरियल दक्षिणेकडे रोखले. पाचशे किलोमीटर उंचीवरून, सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने जाणारा तो ठोकळा आमच्या आभाळात दहाच मिनिटे राहणार होता. आणि खरखरीतून बारीक शीळ उमटली. आखूड, लांब, आखूड!

भाचा पडद्यावर डोळे लावून बसला होता. मी मात्र डोळे मिटले. आमच्या यंत्राचा खटखटाट निराळा, ही शीळ निराळी. पण भाषा तीच, मोर्सची. हाताने आपोआप पेन्सिल शोधली. यंत्राने अक्षरे दाखवायच्या आत माझ्या कागदावर चार उतरली होती. उपग्रह दूर जाऊ लागला तशी आगगाडीच्या शिटीसारखी शीळ खाली उतरली आणि विरली.

"मामा, तुम्ही आमच्या यंत्राच्या पुढे!" भाचा ओरडला. आमची ही जिन्यातून म्हणाली, "आता रोज गच्चीवर झोपणार वाटते!"

वाचकहो, ही हौस येथेच संपली असती. परंतु २०१९ चा ऑगस्ट आला. गंगापूर आणि दारणा धरणांचे पाणी सुटले आणि गोदावरी बाजारपेठेत शिरली. पूल बंद. पलीकडे चांदोरीत माझी लेक, दिवस भरलेले. वीज गेली आणि मागोमाग मोबाइलही मुके झाले. ती रात्र आणि दुसरा दिवस मी त्याच गच्चीवर काढला. नदीचा आवाज तेवढा ऐकू येत होता. अर्ध्या कोसावरची बातमी मला, आयुष्यभर दुसऱ्यांच्या बातम्या पोहोचविणाऱ्याला, मिळत नव्हती. भूजच्या भूकंपात, २००१ साली, तारा तुटल्यावर याच हौशी मंडळींनी निरोप पोहोचविले होते, हे त्या रात्री फार आठवले.

पाणी ओसरल्यावर कळले, नात झाली होती. दोघी सुखरूप.

ऐकणे मला येत होते. बोलण्याचा परवाना नव्हता. त्यासाठी सरकारी परीक्षा द्यावी लागते, वय बारा वर्षांच्या वर हवे. माझे वय त्या अटीत केव्हाच बसते! पुस्तक आणले आहे. विजेचे गणित डोक्यात लवकर शिरत नाही. मोर्स मात्र शिकावे लागले नाही.

शनिवारी शाळेतली चार मुले गच्चीवर येतात. त्यांना मी मोर्स शिकवतो, ती मला गणित शिकवतात. धाकटी नात मध्ये बसून चमच्याने ताटलीवर कट्ट-कडकट्ट करते. अक्षर एकही बरोबर नसते. पण निरोप मला पोहोचतो.