यादीत आपलं नाव आहे ना?
मतदार यादी कशी तयार होते, कशी वाचायची आणि ती दुरुस्त कशी ठेवायची



गटाच्या बैठकीत आपण आपलं बचतीचं पासबुक दर वेळी बघतो. समजा, पासबुकात पैसे भरल्याची नोंद आहे, पण गटाच्या खातेवहीत ती नाही. मग हिशोब जुळेल का? मतदानाचंही असंच आहे. मतदार ओळखपत्र म्हणजे आपलं पासबुक आणि मतदार यादी म्हणजे खातेवही. कार्ड हातात आहे, पण यादीत नाव नाही, तर मत देता येत नाही. उलट यादीत नाव आहे आणि कार्ड हरवलं, तर आधार कार्ड, रोजगार हमीचं जॉबकार्ड, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक असा आयोगाने मान्य केलेला दुसरा पुरावा दाखवून मत देता येतं.

म्हणजे खरी गोष्ट यादी आहे. आणि यादीतून नाव सुटायची कारणं बायकांच्या आयुष्यात जास्त असतात. लग्न झालं की गाव बदलतं, नाव-आडनाव बदलतं, कागदपत्रं माहेरीच राहतात. यादी मात्र आपल्या मागे आपोआप येत नाही. तिला सांगावं लागतं.

नाव न सांगितल्यामुळे गेलेली मतं

आपल्या देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली. त्यासाठी घरोघर जाऊन १७ कोटींहून जास्त मतदारांची यादी केली गेली. त्या वेळी बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान अशा राज्यांतल्या अनेक बायकांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ एवढीच नोंद झाली. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं, की मतदाराची नोंद तिच्या स्वतःच्या नावानेच झाली पाहिजे. पण शेवटपर्यंत खरं नाव मिळालं नाही, म्हणून सुमारे २८ लाख बायका यादीबाहेर राहिल्या.

आज आपण नाव सांगायला लाजत नाही. पण यादीत नाव चुकलंय, जुन्या गावात राहिलंय, हे बघायचं राहून जातं. नुकसान तेच होतं.

यादी कोण करतं?

लोकसभा आणि विधानसभेची मतदार यादी भारत निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली तयार होते. महाराष्ट्रात विधानसभेचे २८८ मतदारसंघ आहेत. प्रत्येक मतदारसंघाला एक मतदार नोंदणी अधिकारी असतो. यादीत नाव घालायचं की काढायचं, हा निर्णय त्याचा. त्याच्या हाताखाली सहायक अधिकारी असतात. तहसील कार्यालयात निवडणुकीचं काम पाहणारी शाखा असते, तिथे चौकशी करता येते.

आपल्या सगळ्यात जवळचा माणूस म्हणजे बीएलओ, म्हणजेच मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. प्रत्येक मतदान केंद्राला एक बीएलओ नेमलेला असतो. कुठे शिक्षक, कुठे तलाठी, तर कुठे अंगणवाडीताई हे काम बघतात. घरी येऊन खात्री करणं, अर्ज घेणं, कोण वारलं, कोण गाव सोडून गेलं याचा अहवाल देणं हे बीएलओचं काम. पण लक्षात ठेवा, बीएलओ स्वतःच्या मनाने कोणाचं नाव काढू शकत नाही. तो अहवाल देतो, निर्णय अधिकारी घेतो.

यादी वाचायची कशी?

मतदारसंघाची यादी भागांमध्ये वाटलेली असते. एक भाग म्हणजे साधारण एका मतदान केंद्राची यादी. प्रत्येक भागाला क्रमांक असतो आणि त्या भागात प्रत्येक मतदाराला अनुक्रमांक असतो. यादीत नाव शोधायचं तर यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक हे दोन आकडे हवेत. ते वहीत लिहून ठेवा.

प्रत्येक नोंदीत मतदाराचं नाव, नातेवाइकाचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग आणि ओळखपत्राचा क्रमांक असतो. यादीच्या शेवटी पुरवणी जोडलेली असते. नवीन आलेली, वगळलेली आणि दुरुस्त झालेली नावं तिथे दिसतात. म्हणून मूळ यादीत नाव दिसलं नाही तर घाबरू नका, आधी पुरवणी बघा.

वगळलेल्या नोंदीवर तसा शिक्का असतो आणि कारण दाखवणारं इंग्रजी अक्षर असतं. ‘ई’ म्हणजे मयत, ‘एस’ म्हणजे दुसरीकडे राहायला गेलेली, ‘आर’ म्हणजे दुबार नाव. जिवंत बाईच्या नावापुढे ‘ई’ दिसलं, तर त्याच दिवशी बीएलओला गाठा.

वर्षभरात यादी कशी बदलते?

यादी एकदा केली आणि कपाटात ठेवली असं नसतं. साधारण दरवर्षी तिचं पुनरीक्षण होतं. आधी प्रारूप यादी, म्हणजे कच्ची यादी, प्रसिद्ध होते. मग दावे आणि हरकतींसाठी मुदत मिळते. दावा म्हणजे ‘माझं नाव घ्या’, हरकत म्हणजे ‘हे नाव चुकीचं आहे’. त्यांचा निकाल लागला की अंतिम यादी प्रसिद्ध होते.

कधी कधी आयोग संपूर्ण यादी नव्याने तपासायला घेतो. २०२५ साली बिहारमध्ये असं विशेष सखोल पुनरीक्षण झालं. तिथल्या प्रारूप यादीत आधीच्या यादीतली सुमारे ६५ लाख नावं नव्हती. काही माणसं वारलेली होती, काही गाव सोडून गेलेली होती, काही नावं दुबार होती. पण आपण तिथेच राहतो आणि तरी नाव नाही, असंही काहींच्या लक्षात आलं आणि त्यांना दावा करावा लागला. कच्ची यादी लागते तेव्हाच बघायची असते ती याचसाठी.

पुनरीक्षण संपलं तरी अर्ज वर्षभर करता येतो. निवडणूक जाहीर झाल्यावर मात्र दार लवकर बंद होतं. उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीसाठी यादीत बदल होत नाही. अर्जाची तपासणी व्हायलाही दिवस लागतात, त्यामुळे प्रचाराची गाडी दारात आल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.

मुलींच्या आयांसाठी एक गोष्ट. पूर्वी फक्त १ जानेवारीला १८ वर्षं पूर्ण असतील तरच त्या वर्षी नाव यायचं. २०२२ पासून वर्षात चार तारखा धरल्या जातात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. मुलीला १७ पूर्ण झाली असतील तर अर्ज आगाऊही देता येतो.

कोणत्या कामाला कोणता अर्ज?

• नमुना ६: पहिल्यांदा नाव नोंदवायचं असेल तर.
• नमुना ७: मयत, दुबार किंवा कायमचं गाव सोडलेल्या व्यक्तीचं नाव वगळायचं असेल किंवा एखाद्या नावाला हरकत असेल तर.
• नमुना ८: पत्ता बदलला, नाव किंवा वय चुकलं, कार्ड हरवलं किंवा अपंगत्वाची नोंद करायची असेल तर.

अर्ज बीएलओकडे, तहसील कार्यालयात किंवा आयोगाच्या संकेतस्थळावरून आणि मोबाइल ॲपवरून देता येतो. अर्जाला पैसे लागत नाहीत. कोणी मागितले तर देऊ नका. पोच मात्र जरूर घ्या. माहितीसाठी १९५० हा मदत क्रमांक आहे.

लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव

ही अडचण प्रत्येक गावात आहे. सून चार वर्षांपासून इथे नांदते, नाव मात्र माहेरच्या यादीत. मतदानाला माहेरी जाणं जमत नाही आणि इथे नाव नाही.

यासाठी नमुना ८ भरायचा. माहेर दुसऱ्या तालुक्यात किंवा जिल्ह्यात असलं तरी हाच अर्ज चालतो. पुन्हा नमुना ६ भरून नवीन नाव नोंदवू नका. त्याने दोन ठिकाणी नाव होतं. एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी असावं असा कायदा आहे आणि अर्जात खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो.

‘पण माझ्या नावावर लाइट बिल नाही,’ असं बऱ्याच जणी म्हणतात. पत्त्याचा पुरावा स्वतःच्याच नावाचा लागतो असं नाही. नवऱ्याच्या किंवा आई-वडिलांच्या नावाचं बिल किंवा जमिनीचा उतारा चालू शकतो. आपलं स्वतःचं बँक पासबुक या पत्त्यावर असेल तर उत्तमच. गटामुळे ते बहुतेक जणींकडे आहे.

लग्नानंतर नाव बदलायलाच हवं असंही नाही. माहेरचं नाव तसंच ठेवून फक्त पत्ता बदलता येतो. नातेवाईक म्हणून नवऱ्याचंच नाव लागतं हासुद्धा गैरसमज आहे. आईचं किंवा वडिलांचं नाव देता येतं. एकट्या राहणाऱ्या, नवऱ्याने सोडलेल्या ताईंनी हे जरूर लक्षात ठेवावं.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचं काय?

दिवाळी झाली की बीडसारख्या जिल्ह्यांतून कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला निघतात. घराला कुलूप दिसतं आणि कोणी ‘इथे राहत नाहीत’ असं सांगून टाकतं. पण कामासाठी काही महिने बाहेर गेलं म्हणजे गाव सुटलं असं कायदा मानत नाही. राहतं घर गावात असेल आणि माणूस परत येत असेल, तर तो गावचाच रहिवासी. अशा घरांची माहिती शेजारच्या सखीने बीएलओला द्यावी.

नाव वगळलं तर?

पत्ता बदलला किंवा हक्क नाही म्हणून नाव काढायचं असेल, तर आधी त्या व्यक्तीला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. नोटीस आली तर ती बाजूला टाकू नका, तारखेला हजर राहा. निर्णय मान्य नसेल तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. तिथेही समाधान झालं नाही तर ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरं अपील करता येतं.

ग्रामपंचायत, ग्रामसभा आणि आडवी बाटली

ग्रामपंचायतीची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. तो वेगळी यादी करत नाही. ठरलेल्या तारखेची विधानसभेची यादी घेऊन तिचे प्रभाग पाडले जातात. त्या वेळी चुकीच्या प्रभागात गेलेलं नाव किंवा लिहिण्यातली चूक दुरुस्त होते, पण विधानसभेच्या यादीत नसलेलं नाव नव्याने घेतलं जात नाही. आपल्याकडे पंचायतीत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. पण यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही आणि उभंही राहता येत नाही.

पुढची गोष्ट फार कमी जणींना माहीत असते. संविधानाप्रमाणे ग्रामसभा म्हणजे गावाच्या मतदार यादीत नाव असलेली माणसं. म्हणजे घरकुलाची यादी असो की पाण्याचा ठराव, ग्रामसभेत आपला हक्क या यादीवर उभा आहे.

दारूबंदीचंही बघा. गावातलं परवानाधारक दुकान बंद करायचं तर आधी किमान २५ टक्के महिला मतदारांनी मागणी करावी लागते. मग गुप्त मतदान होतं. दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींची मतं ‘आडव्या बाटली’ला पडावी लागतात. आलेल्यांपैकी निम्म्या नव्हे, यादीतल्या एकूण. समजा, यादीत ६०० बायका आहेत, तर ३०१ मतं हवीत. पण त्यातल्या ८० जणी वारलेल्या किंवा लग्न होऊन गेलेल्या असतील, तर गावात खऱ्या ५२० जणीच आहेत आणि मतं तरी ३०१ च लागणार. शिवाय इथे नांदणाऱ्या, पण नाव नसलेल्या सुना मत देऊ शकत नाहीत. म्हणजे जुनी यादी दोन्ही बाजूंनी आपल्यालाच मागे ओढते.

ग्रामसंघाने काय करावं?

१. प्रारूप यादी प्रसिद्ध झाली की ग्रामसंघाच्या बैठकीत बीएलओला बोलवा आणि महिलांची नावं मोठ्याने वाचून घ्या.

२. प्रत्येक गटाने एका कागदावर चार रकाने करावेत: नाव बरोबर आहे, नाव चुकलंय, नाव नाही, वगळायला हवं.

३. नवीन सुना, १७ पूर्ण झालेल्या मुली, विधवा आणि एकट्या राहणाऱ्या ताई, ऊसतोडीला गेलेली घरं, पालावर आणि वस्तीवर राहणारी कुटुंबं यांच्याकडे आधी जा.

४. अर्ज भरायला मदत करा, पण सही किंवा अंगठा ज्याचा त्यानेच करावा. सगळ्या गावाचे अर्ज एकीने गोळा करून एकगठ्ठा दिले तर ते स्वीकारले जात नाहीत. बीएलओ बैठकीला आला असताना जिचा अर्ज तिने त्याच्या हातात दिला की काम सोपं होतं.

५. मयत किंवा गाव सोडलेल्या व्यक्तीचं नाव काढायला सांगताना आधी घरच्यांशी बोला. भावकीच्या किंवा पक्षाच्या भांडणापायी कोणाच्याही नावाला खोटी हरकत घेऊ नका.

६. किती अर्ज दिले, किती मंजूर झाले, हे पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात लिहा आणि अंतिम यादीत पुन्हा तपासा.

मत कोणाला द्यायचं हे ज्याच्या त्याच्या मनावर आहे, त्यात गटाने पडू नये. पण गटातल्या प्रत्येकीचं नाव, तिच्या स्वतःच्या नावाने, ती राहते त्या गावाच्या यादीत आहे की नाही, हे बघणं आपल्या सगळ्यांचं काम आहे.