व्यवहारावरचा कर : भरतं कोण, सोसतं कोण?

गटाच्या बैठकीत आपण व्याजाचा हिशेब फार बारकाईने करतो. शेकडा दीड की दोन, यावर अर्धा अर्धा तास चर्चा होते. पण घर घेताना, जमीन घेताना, माहेरचा हक्क सोडताना जो कर आडवा येतो, त्याचा हिशेब बहुतेक वेळा घरातले पुरुष नाहीतर दस्तलेखक करतात. आपण दाखवतील तिथे सही किंवा अंगठा करतो. आज त्याच कराबद्दल बोलू या. हा कर किती, हे तर बघूच. पण त्यामुळे माणसं काय करायची थांबतात आणि त्याचा फटका कुणाला बसतो, हे जास्त महत्त्वाचं आहे.

कर साधारण तीन गोष्टींवर बसतो. एक, कमाईवर, म्हणजे आयकर. दोन, जवळ असलेल्या मालमत्तेवर, जशी घरपट्टी. ती दरवर्षी येते, घर विका नाहीतर ठेवा. आणि तीन, व्यवहारावर. वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात गेली की कर. घर विकत घेताना लागणारं मुद्रांक शुल्क, ज्याला आपण स्टॅम्प ड्युटी म्हणतो, ते या तिसऱ्या प्रकारातलं.

सरकारला हा कर आवडतो, कारण तो गोळा करायला सोपा आहे. मालकी पक्की करायची तर माणूस आपल्या पायांनी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात येतो. मागे वसुलीला जावं लागत नाही. राज्याच्या तिजोरीत यातून मोठी रक्कम जमा होते, आणि शाळा, दवाखाने, रस्ते त्याच पैशातून चालतात. म्हणून हा कर वाईटच, असं म्हणून चालणार नाही. पण त्याची एक खोड आहे. तुमची ऐपत किती, हे तो बघत नाही. हात किती वेळा बदलले, तेवढंच मोजतो.

मालावरचा कर कसा साचत जायचा

आधी बाजारातलं उदाहरण घेऊ. पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाका असायचा. माल आत आला की जकात. ट्रक तासन्‌तास रांगेत उभे राहायचे, डिझेल जळायचं, भाजी सुकायची. तो सगळा खर्च शेवटी गिऱ्हाइकाच्या किंवा शेतकऱ्याच्या माथी यायचा. मुंबईची जकात २०१७ सालच्या जुलैत जीएसटी आला तेव्हा बंद झाली.

दुसरी गोष्ट करावर कर बसण्याची. समजा, प्रत्येक विक्रीवर ५ टक्के कर आहे. सूत विकलं, कर. त्याचं कापड विकलं, पुन्हा कर. कापडाचा झंपर शिवून विकला, पुन्हा कर. कापडाच्या किमतीत सुतावरचा कर आधीच मिसळलेला असतो आणि त्यावरही कर बसतो. मग मोठा कारखानदार सूत, कापड, शिलाई सगळं एका छपराखाली आणतो. हात बदलले नाहीत, म्हणून कर कमी. छोटा विणकर आणि गावातली शिलाई करणारी बाई मात्र महाग पडते. हे टाळायला महाराष्ट्रात २००५ साली व्हॅट आला आणि पुढे जीएसटी. आधीच्या टप्प्यावर भरलेला कर वजा करून उरलेलाच भरायचा, हे त्याचं सूत्र.

यातही एक बारकावा आपल्या कामाचा आहे. पापडावर जीएसटी नाही. पण पापडाची पिशवी, यंत्र, छपाई यांवर आहे, आणि पापड करमुक्त असल्यामुळे तो वजा करून मिळत नाही. तेव्हा पापडाचा भाव ठरवताना ही रक्कम खर्चात धरायला विसरू नका.

मालाच्या बाबतीत करावर कर बसणं बरंच कमी झालं. जमीन आणि घर यांच्या बाबतीत तसं झालेलं नाही. तिथे प्रत्येक खरेदीखतावर पुन्हा पूर्ण कर भरावा लागतो.

घराचा हिशेब

समजा, एक घर १० लाखांचं आहे. मुद्रांक शुल्क ५ टक्के धरू. हा दर ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका असा ठिकाणानुसार बदलतो. म्हणजे ५०,००० रुपये. नोंदणी फी १ टक्का, म्हणजे १०,००० रुपये. ही फी जास्तीत जास्त ३०,००० असते. एकूण झाले ६०,०००. पैसे कर्ज काढून आणले की दागिने मोडून, हे कुणी विचारत नाही. शिवाय कर ठरलेल्या किमतीवर किंवा सरकारी मूल्य दर तक्त्यातल्या किमतीवर, यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर लागतो.

आता दोन कुटुंबं बघा. एक २० वर्षं त्याच घरात राहिलं, त्याने कर एकदा भरला. दुसऱ्याला कामासाठी तीन गावं बदलावी लागली आणि तिन्ही ठिकाणी घर घ्यावं लागलं. घर तेवढंच, पण कर तीनदा. पोटासाठी हलणाऱ्याला हा कर जास्त लागतो.

पहिला परिणाम : व्यवहारच थांबतो

समजा, शेजारच्या एकाची जमीन पडीक आहे, कारण तो नोकरीला शहरात आहे. तुमच्या गटातली एक ताई ती कसायला तयार आहे. जमीन तिच्या हातात आली तर दोघांचा मिळून ४०,००० रुपयांचा फायदा होईल. पण कर ६०,००० आहे. मग व्यवहार होणारच नाही. जमीन पडीक राहते, ताईचं पीक बुडतं आणि सरकारलाही एक रुपया मिळत नाही. हा तोटा कुठल्याच वहीत दिसत नाही, पण होतो खरा.

याचा पडताळा महाराष्ट्रात मिळाला. करोनाच्या काळात, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत राज्याने मुद्रांक शुल्क ३ टक्क्यांनी कमी केलं. मुंबईत ते ५ वरून २ टक्के झालं. त्या डिसेंबरात मुंबईत १९,००० हून जास्त घरांची नोंदणी झाली. आदल्या वर्षीच्या डिसेंबरात ती साडेसहा हजारांच्या आत होती. टाळेबंदीत अडकलेले आणि पुढे होणारे काही व्यवहारही त्यात उरकले गेले, हे खरं. तरी कर बघून माणसं पाऊल पुढे-मागे टाकतात, हे त्यातून स्पष्ट दिसतं.

शेतीतलं उदाहरण तर आणखी जवळचं आहे. गावोगाव असं असतं की एकाच्या नावावरची जमीन दुसरा कसतो आणि त्याच्या नावावरची हा कसतो. अदलाबदल करून सातबारा सरळ करावा, तर करापायी कुणी पुढे येत नाही. भांडणं मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालतात. म्हणून २०२३ साली राज्याने सलोखा योजना आणली. ताबा किमान १२ वर्षांचा असेल, तर अशा अदलाबदलीला मुद्रांक शुल्क १,००० रुपये आणि नोंदणी फी १,००० रुपये. करामुळे सरळ व्यवहार अडतात, हे सरकारनेच त्यातून मान्य केलं. योजनेची मुदत चालू आहे का, हे तलाठ्याकडे विचारून घ्या.

दुसरा परिणाम : भरणारा एक, सोसणारा दुसरा

कायद्याने मुद्रांक शुल्क खरेदीदार भरतो. पण भार त्याच्यावरच राहतो असं नाही. घेणारा म्हणतो, ‘माझं बजेट साडेदहा लाख. कर जाऊन उरेल ते तुम्हाला.’ विकणारा थांबू शकत असेल तर नाही म्हणेल. पण दवाखान्याचं बिल, लग्न किंवा सावकार मागे लागला असेल, तर तो उतरत्या भावाला तयार होतो. म्हणजे पावती घेणाऱ्याच्या नावाची, आणि भार अडलेल्या विकणाऱ्यावर.

कॅनडातल्या टोरांटो शहराने २००८ साली घरखरेदीवर नवा कर लावला. तिथल्या अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला तेव्हा दिसलं, की घरांचे व्यवहार सुमारे १५ टक्क्यांनी घटले आणि घरांच्या किमती जवळजवळ कराएवढ्याच उतरल्या. म्हणजे तिथे कर भरला घेणाऱ्यांनी, आणि सोसला विकणाऱ्यांनी.

तिसरा परिणाम : कागद टळतो

मैत्रिणींनो, आपल्यासाठी सगळ्यात धोक्याचं हे आहे. कर जास्त वाटला की लोक पळवाट शोधतात. कुणी कागदावर किंमत कमी दाखवतो आणि उरलेले पैसे रोख देतो. उद्या व्यवहार फिसकटला तर कागदावर आहे तेवढंच सिद्ध करता येतं. रोख दिलेले गेले.

कुणी ‘कशाला रजिस्टर करायचं, बाँडवर लिहून घेऊ, नोटरी करू’ म्हणतो. तुकडेबंदीचा कायदा हे याचं एक मोठं कारण आहे, आणि कर वाचवणं हे दुसरं. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे १०० रुपयांहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेचं खरेदीखत नोंदवावंच लागतं. नोटरीच्या शिक्क्याने जमिनीची मालकी बदलत नाही. मुद्रांक कमी भरला असेल तर तो कागद कोर्टात पुरावा म्हणून घेत नाहीत. आधी राहिलेलं शुल्क आणि त्यावर महिन्याला २ टक्के दंड भरावा लागतो. आणि दंड भरला तरी नोंदणीची उणीव भरून निघत नाही.

अशा कच्च्या कागदावर ज्याचं गावात वजन आहे त्याचं निभावतं. चार माणसं त्याच्या बाजूने बोलतात. एकल बाई, विधवा, परगावाहून सासरी आलेली सून यांच्यामागे कागदाशिवाय कुणी नसतं. घरधनी गेल्यावर तो बाँड घेऊन त्या तलाठ्याकडे जातात, आणि फेरफार होत नाही. ६०,००० वाचवायला गेलं आणि १० लाखांचं घर हातचं गेलं, असा हा हिशेब.

हक्कसोडपत्र स्वस्त का?

करातली सवलत कुठे आहे, हेही बघायला हवं. वडिलोपार्जित मालमत्तेतला हक्क बहिणीने भावाला सोडून दिला, तर त्या दस्तावर मुद्रांक फक्त काहीशे रुपयांचा लागतो. तोच हिस्सा भावाने रीतसर विकत घेतला, तर शेकड्याने कर. मग काय होऊ शकतं? भाऊ म्हणतो, ‘ताई, पैसे देतो, पण कर वाचवायला हक्कसोड लिहू.’ कागदावर बहिणीने विनामोबदला हक्क सोडलेला असतो. पुढे पैसे आले नाहीत तर मागायला आधार उरत नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा वाटा महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून कायद्याने मुलाइतकाच आहे. तो काहीशे रुपयांच्या मुद्रांकावर सुटू शकतो, म्हणून सही करण्याआधी चार दिवस मागून घ्या. मनापासून द्यायचं असेल तर जरूर द्या. पैसे ठरले असतील तर ते दस्तात लिहिलेच पाहिजेत.

हीच स्वस्ताई आपल्या बाजूनेही वापरता येते. राहतं घर किंवा शेतजमीन नवऱ्याने बायकोला, आई-बापांनी मुलीला, किंवा सासऱ्याने विधवा सुनेला बक्षीसपत्राने दिली, तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार लागत असेल तर तो वेगळा, तेवढं निबंधक कार्यालयात विचारा. आणि एप्रिल २०२१ पासून घर किंवा सदनिका फक्त बाईच्या नावावर घेतली, तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे. १० लाखांच्या घरावर १०,००० रुपये वाचतात. पुरुषाचं नाव सोबत असेल तर सूट नाही, आणि शेतजमिनीलाही ती नाही. सूट मिळते म्हणून नाव बाईचं लागतं, आणि एकदा लागलं की घर तिचं होतं. कराने माणसं वागणं बदलतात, त्याचा हा चांगला उपयोग.

गटात काय करता येईल?

गटातून घरासाठी किंवा जमिनीसाठी कर्ज देताना मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी कर्जाच्या रकमेत पहिल्यापासून धरा. किंमत भरली आणि नोंदणीला पैसे उरले नाहीत, म्हणूनही कागद कच्चे राहतात. दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदणीला द्यावा लागतो. नोंदणी झाल्यावर सूची क्रमांक दोनची प्रत घ्या. जमीन असेल तर सातबाऱ्यावर फेरफार झाला का, हे स्वतः बघा.

आणि ज्यांच्या घरात जुना बाँड, नोटरीचा कागद किंवा न वाचता केलेलं हक्कसोड पडून आहे, त्यांनी तो पुढच्या बैठकीला घेऊन या. गटात मोठ्याने वाचा. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, तिथे बायकांना वकिलाचा सल्ला मोफत मिळतो. एकटीला जायला संकोच वाटत असेल, तर चौघी मिळून जा.